दोनदा फुगलेली प्लेट

आमच्या नातेवाइकांत कुणाचं लग्न जमलं की मुलीकडचे हॉल बघतात, मुलाकडचे केटरर बघतात, आणि दोघांपैकी कुणीतरी मला फोन करून विचारतं, "मिलिंदभाऊ, ती प्लेटची गोष्ट सांगाल ना?" गेल्या दहा-बारा वर्षांत ही गोष्ट मी साखरपुड्यांत सांगितली, बारशांत सांगितली, एकदा तर तेरवीच्या पंगतीतही शेजारच्याला हळूच सांगायला लागलो, तेव्हा सुषमानं, म्हणजे आमच्या बायकोनं, गुडघ्याला असा चिमटा काढला की अर्धी तिथेच राहिली. आज ती लिहून काढतो आहे. फरक एवढाच, की आज ती जशी घडली तशी सांगणार आहे. त्यामुळे ती तेवढी हसवणार नाही.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत डिझाइनचं काम करतो. फाउंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. गिट्टी फोडणाऱ्या क्रशरला दोन जबडे असतात आणि त्या जबड्यांना दातेरी, जाड पोलादी प्लेटा बसवलेल्या असतात. दगड मध्ये सापडतो आणि फुटतो. फोडता फोडता प्लेट झिजते, मग नवी लागते. अशा झिजणाऱ्या वस्तू करणं हे आमचं काम. माझी मुलगी ऋचा या हिंदी मुलखातच वाढली, त्यामुळे मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणते, "पापा, आपकी कंपनी घिसने के लिए ही चीज़ें बनाती है." यात चूक काढण्यासारखं काही नाही.

अशी प्लेट करायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती लागते. तिला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबून काढून घ्यायचा, जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. पण पोलाद थंड होताना आकसतं. मीटरभर लांबीची प्लेट चांगली दोन-अडीच सेंटिमीटर आखडते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. आता दर मापाला गणित कोण करत बसणार? त्यासाठी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीकडे एक खास पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच थोडा मोठा आखलेला असतो. ड्रॉइंगवर शंभर लिहिलं असेल तर तिच्यावरचे शंभर मोजायचे, पॅटर्न आपोआप हवा तेवढा मोठा होतो. तिला आम्ही श्रिंकेज पट्टी म्हणतो. नवा होतो तेव्हा शेखी मिरवायला मी ती घरी आणली आणि तिनंच खिडकीचं माप घेऊन गोल बाजारातून पडदे शिवून आणले. ते पडदे दोन बोटं आखूड झाले. सुषमा ते पाहुण्यांना अजून दाखवते.

आमच्या पॅटर्न शॉपचे मिस्त्री होते गजानन वांढरे. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला बिरगावात. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना काका म्हणायचे, ते सगळ्यांना साहेब म्हणायचे, अगदी चहावाल्यालासुद्धा.

पूर्वी नवी वस्तू तयार करायची म्हणजे ओतायची, कापायची, आत पोकळ भोक निघालं की कपाळाला हात लावायचा आणि परत ओतायची. तीन-चार फेऱ्या ठरलेल्या. कारण धातू बाहेरून आधी थिजतो, आतून उशिरा, आणि जिथे सगळ्यात शेवटी थिजतो तिथे आकसून भोक पडतं. ते भोक वस्तूबाहेर जावं म्हणून त्या जागेवर जादा धातूचा एक गोळा ठेवतात. तो कुठे ठेवायचा हे काका अनुभवानं सांगायचे. मग मी मालकांच्या मागे लागून सॉफ्टवेअर आणवलं. त्यात वस्तू उभी-आडवी सगळीकडून काढता यायची, आणि नुसती काढता नाही, तर पडद्यावर ओतून बघता यायची. तांबडा रंग हळूहळू निळा होत जायचा. शेवटपर्यंत तांबडा राहिला तिथे भोक. म्हणजे ज्या फेऱ्या भट्टीवर व्हायच्या त्या टेबलावर व्हायला लागल्या.

मालकांना आम्ही भैयाजी म्हणतो. त्यांनी कॉम्प्युटर घेतला खरा, पण त्याच्यावर त्यांचा जीव कधी बसला नाही. ते त्याला डिब्बा म्हणायचे. "ये डिब्बा लोहा दिखाता है, बनाता तो नहीं," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचे.

पहिली परीक्षा झाली ती एका हॅमरची, म्हणजे दगड फोडणाऱ्या मोठ्या हातोड्याची. काकांनी गोळा नेहमीप्रमाणे मधोमध ठेवला होता. सॉफ्टवेअर म्हणालं, भोक मानेत पडणार. भैयाजींनी सगळ्यांदेखत दोघांची पैज लावून दिली. हॅमर ओतला आणि कापला, तर भोक मानेतच होतं, पडद्यावर दिसलं होतं अगदी तिथे. मी खाली बघत होतो, म्हणजे विनय दाखवत होतो. आणि काका सरळ म्हणाले, "माहंच चुकलं. वीस वर्सं चुकून राहिलो मी." एवढंच. जसं कुणी म्हणावं, की आज बस चुकली.

त्यानंतर ते रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊ लागले. चपला दाराबाहेर काढायचे, खुर्चीच्या मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, काही ओतून राहिले काय?" मी काही ओतत असलो तर डबा हातातच धरून बघत राहायचे. मधूनच बोट लावून दाखवायचे, की काचेवर लाकडाच्या भुशाचा ठसा उमटायचा. मी त्यासाठी एक फडकं ठेवलं होतं आणि ते गेल्याबरोबर, खरं सांगतो, कधीकधी ते जायच्या आधीच, पुसायचो. मला वाटायचं, म्हातारा माझ्या मशीनमध्ये चूक शोधतो आहे.

मग आली ती प्लेट. बलौदाबाजारकडच्या एका चुनखडीच्या खाणीचे खरेदी अधिकारी एक दिवस कारखान्यात आले. त्यांनी झिजलेल्या प्लेटचा तुकडा गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला होता, त्याला सीटबेल्ट लावला होता आणि स्वतः मागे बसून आले होते. त्यांचं म्हणणं, प्लेटचे दात खालच्या बाजूला लवकर झिजतात, आकार बदलून द्या. हे काम सॉफ्टवेअरसाठीच जन्माला आलं होतं. मी दातांचे पाच-सहा आकार काढले, पडद्यावर ओतून पाहिले, एक निवडला. ट्रायलसाठी एकही किलो लोखंड लागलं नाही. आणि त्याच भरात मला सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट सापडली. तिच्यात आकसण्याचा आकडा भरला की सगळी वस्तू एकदम तेवढी फुगायची. पट्टीची गरजच नाही. मला इतका आनंद झाला की मी तो आकडा भरला, ड्रॉइंग छापलं आणि पॅटर्न शॉपला पाठवून दिलं.

त्या ड्रॉइंगच्या खाली एक ओळ लिहायला हवी होती, की मापांत श्रिंकेज आधीच धरलेलं आहे. ती मी लिहिली नाही.

विसरलो, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण काका आले होते विचारायला. ड्रॉइंग हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, या प्लेटचे आकडे असे तुटक काहून आहेत? नेहमी तर पुरे असतात." त्यांचा प्रश्न बरोबर होता. हजार मिलिमीटरच्या जागी एक हजार बावीस पूर्णांक काहीतरी छापलं होतं. मी फोनवर होतो. फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "काका, हे आकडे कॉम्प्युटरनं काढलेत. आता असेच येतील." ते म्हणाले, हव, आणि गेले. हॅमरच्या दिवसापासून कॉम्प्युटरचं म्हटलं की ते वाद घालत नसत.

काकांनी आपल्या पट्टीनं पॅटर्न केला. म्हणजे एकदा मी फुगवलं होतं, एकदा त्यांच्या पट्टीनं फुगलं. आता कुणी म्हणेल, मापं तपासली नाहीत का? तपासली. ओतलेली प्लेट थंड होऊन एकदा आकसली आणि बरोबर माझ्या फुगवलेल्या ड्रॉइंगएवढी झाली. तपासनिसानं ड्रॉइंग समोर ठेवून मोजलं, सगळं मिलिमीटरला जुळलं. आठ प्लेटा ओतल्या, आठही पास. भैयाजींनी पेढे मागवले. कापून बघायची गरज नाही, फेऱ्या नाहीत, पहिल्याच दमात माल तयार. मी दोन पेढे खाल्ले.

खाणीवर प्लेट बसवताना मी हजर होतो. क्रशर उघडून ठेवलेला, क्रेनला प्लेट लटकलेली, आणि ती काही केल्या जबड्यात जाईना. दोन बोटं मोठी. हे पोलाद असं की त्याला कापणं-तासणंही सोपं नाही. सगळी खाण बंद पडून आमच्याकडे बघत होती. ते अधिकारी गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी टेप लावला, आकडा वाचला, आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं.

परत आल्यावर मी काय केलं, ते मी आजपर्यंत सुषमालाही सांगितलं नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. मी ती फाइल उघडली, ड्रॉइंगच्या खाली ती ओळ लिहिली, जुनीच तारीख ठेवून पुन्हा छापलं आणि ऑफिसच्या फाइलमधला कागद काढून त्या जागी हा लावला. दोन मिनिटांचं काम. सॉफ्टवेअर फार चांगलं होतं. अक्षरही तेच, कागदही तोच.

दुसऱ्या दिवशी भैयाजींनी सगळ्यांना बोलावलं. आत येताना, बसायच्या आधीच म्हणाले, "गलती डिब्बे की निकली, तो डिब्बा आज ही बिकेगा." मी माझा कागद टेबलावर ठेवला. बोलायची गरजच नव्हती. भैयाजींनी ओळ वाचली आणि कागद काकांपुढे सरकवला.

"पढ़ा नहीं था, मिस्त्री?"

काकांनी चष्मा लावला. ते कुठलंही ड्रॉइंग खालून वर वाचत, तसंच हेही वाचलं. त्या ओळीवर खूप वेळ थांबले. मग माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होतो, ते मला अजून पाठ आहे.

"नजर से रह गया होगा," काका म्हणाले.

मला नोकरीची भीती वाटली, असं लिहायला आवडलं असतं. मुलगी शाळेत, घराचं काम निघालेलं, वगैरे. पण भैयाजी मला काढणार नव्हते, चार शिव्या घालून गप्प बसले असते. मला भीती होती हसं व्हायची. मी स्वतःवर विनोद करणारा माणूस, आखूड पडद्यांचा विनोद मीच सांगतो. पण कुठल्या गोष्टीवर हसायचं, ते मी ठरवतो. या गोष्टीवर दुसरे हसले असते, आणि तेवढंच मला सोसलं नसतं.

काकांना पॅटर्न शॉपमधून काढून स्टोअरमध्ये टाकलं. ते बोल्ट मोजून द्यायचे. दोन-अडीच वर्षांनी निवृत्त झाले. तोवर मी डेव्हलपमेंटचा प्रमुख झालो होतो.

आणि मग मी ती गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा एका भाच्याच्या मुंजीत. एक हुशार कॉम्प्युटर आणि एक अडाणी मिस्त्री. कॉम्प्युटर फुगवतो, मग मिस्त्री फुगवतो, आणि विचारल्यावर म्हणतो, "साहेब, मले वाटलं मोठी असलेली बरी." हे वाक्य मी बनवलं. कानावर पेन्सिल ठेवून, चष्मा नाकावर ओढून म्हणायचो. लोक डोळे पुसायचे. दर वेळी मिस्त्री थोडा जास्त अडाणी होत गेला.

यंदा उन्हाळ्यात पुतण्याचा साखरपुडा होता. मुलीकडचे बिरगावचे. जेवणानंतर फर्माईश झाली आणि मी कानावर पेन्सिल ठेवली. गोष्ट रंगली. "मोठी असलेली बरी" झालं, हॉल हसला. तेवढ्यात मुलीचे मामा मागे वळून म्हणाले, "वांढरेकाका, तुमी पण त्याच कंपनीत होते ना?"

तिसऱ्या रांगेत काका बसले होते. मांडीवर आइस्क्रीमची वाटी. शेजारी त्यांची सून, तिनं तोंडावर रुमाल धरलेला होता, ती हसत होती बहुतेक.

"हव," काका म्हणाले. "तो मिस्त्री मीच."

लोकांना वाटलं हा पुढचा विनोद आहे. ते आणखी जोरात हसले. फक्त सून हसायची थांबली आणि सासऱ्याकडे बघायला लागली. पेन्सिल माझ्या कानावरच होती. ती काढायची कशी, हे मला सुचेना.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी मागे गेलो. बेसिनपाशी आम्ही दोघंच होतो. मी माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघाला प्रश्न. विचारलं, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?

"पहिला कागद माह्या बाकावरच होता साहेब. त्याच्यावर ओळ नव्हती."

"मग बोलले काहून नाही? कागद दाखवला असता तर मी तिथेच संपलो असतो."

काकांनी हात झटकले. नळ नीट बंद केला.

"तुमचं काय झालं असतं ते मी नाही पाहिलं. भैयाजीनं डिब्बा विकला असता. तीस वर्सं लोखंड ओतलं साहेब. आतून कसं थिजते, ते तुमच्याच खोलीत पाहाले भेटलं. मी म्हटलं, ते मशीन राहू द्या. आपण रोज सुट्टीत जाऊन पाहून येऊ."

काकांनी रुमालाला हात पुसले.

"मग स्टोअरमध्ये टाकलं. तिकडून दूर पडे. तरी दोन-तीनदा आलो होतो. तुमी दार लावून बसत होते."

लावून बसत होतो. मला आठवतं. काचेतून त्यांची सावली दिसली की मी फोन कानाला लावायचो.

ज्याला मी इतकी वर्षं कॉम्प्युटर न कळणारा म्हातारा म्हणून विकलं, त्या माणसानं कॉम्प्युटर राहावा म्हणून चूक स्वतःच्या नावावर घेतली होती. ते मशीन जितकं त्यांना आवडलं होतं तितकं मला कधीच आवडलं नाही. मला त्यावर बसलेला मी आवडायचो.

"गोष्ट तुमी मस्त सांगता," काका जाताना म्हणाले. "फक्त ते मोठी बरी म्हणतो ते मी म्हटलं नव्हतं. आणि आता सुनेले वाटते, सासऱ्याले ड्रॉइंग वाचता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि भैयाजींच्या मुलाला, आता तोच सगळं बघतो, सारं सांगितलं. त्यानं मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, छोड़िए न अंकल, पुरानी बात है. त्याच्या लेखी मिटलं. मोठे भैयाजी आता शंकर नगरच्या बंगल्यात असतात, बाहेर फारसे पडत नाहीत. त्यांच्याकडे जायचं मी तीनदा ठरवलं. एकदा फाटकापर्यंत गेलो आणि चौकीदाराला चुकीच्या घराचा पत्ता विचारून परत आलो.

मग वाटलं, ज्यांच्यापुढे काकांना अडाणी केलं ते सगळे इथल्या मराठी मंडळाचा हा दिवाळी अंक घेतात. तेव्हा इथेच लिहावं. ड्रॉइंगमध्ये श्रिंकेज मी धरलं होतं आणि सांगितलं नव्हतं. गजानन वांढरे यांनी विचारलं होतं, आणि मी त्यांना उडवून लावलं. खालची ओळ मी नंतर घातली. हे सुषमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आधी त्यांना दाखवा, मग छापायला द्या.

म्हणून मागच्या रविवारी हे कागद घेऊन बिरगावला गेलो. मी वाचून दाखवायला लागलो, तर काकांनी हात पुढे केला. कागद घेतले, चष्मा लावला आणि शेवटच्या पानापासून सुरुवात केली. अर्धा तास लागला. मी चहा पिऊन संपवला, सुनेनं दुसरा आणून ठेवला, माझ्याशी एक शब्द न बोलता. काकांनी पुन्हा एकदा पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, छापून आलं की तीन अंक लागतील. एक सुनेले, एक मुलीच्या मामाले.

तिसरा कुणाला, मी विचारलं.

"भैयाजीले."

मी म्हटलं, काका, भैयाजींना मराठी कुठे वाचता येतं?

"म्हणून तर मी जातो," काका म्हणाले. "बसून हिंदीत वाचून दाखवीन. एक एक ओळ."

मी म्हटलं, मीही येतो सोबत. त्यांनी कागदांच्या कडा जुळवून ते माझ्या हातात दिले.

"या," म्हणाले. "पण मधात बोलायचं नाही."